पेरूच्या बागेत पाचटाचं आच्छादन वर्षभर ठेवावं का?

हातकणंगले_पेरू
ऊस तुटला की पाचटाला, म्हणजे त्याच्या वाळलेल्या पाल्याला, काडी लावायची आणि एप्रिलला शेजारच्याच पेरूच्या रानाला भेगा पडल्या म्हणून पाणी वाढवायचं, हे थांबलं पाहिजे. एकरी उसातून तीन-चार टन पाचट निघतं. 6 बाय 6 मीटरवर एकरात 111 झाडं बसतात. बुंध्याभोवती दोन मीटरपर्यंत अंथरायला झाडामागं सुमारे 50 किलो लागतं, म्हणजे बागेला साडेपाच टन. दीड एकर उसाचं पाचट त्याला पुरतं.

माझं मत स्पष्ट आहे, ते बारा महिने राहू द्यावं. तण दबतं, गांडुळं वरच्या थरात येतात, पांढरी मुळं उन्हात जळत नाहीत. फुगवणीत ओल कमी-जास्त होत नाही, त्यामुळं फळ तडकायचं प्रमाणही उतरतं.

शिरोळ_काळं_रान
आच्छादनाला विरोध नाही, पण बारा महिने ठेवायला आहे. मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाला येणारं फूल, धरायचा तर एप्रिल-मेमध्ये पाणी तोडून झाडाला ताण बसला पाहिजे. हलक्या रानात महिनाभर पुरतो, आमच्या भारी रानात दीड-दोन महिने लागतात. वर पाचटाचा थर असला की पाणी बंद करूनही ओल हटत नाही, पानगळ होत नाही, मग फूल एकदम न निघता मागं-पुढं निघतं आणि तोडा लांबतो. ताण अर्धवट बसलेली बाग वर्षभर हिरवीगार दिसते, माल मात्र देत नाही.

दुसरं, कच्च्या पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडं. कुजवणारे जीवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात. पावसाळ्यात पानं पिवळसर पडतात ती यामुळंही.

हातकणंगले_पेरू
ताणाचं मान्य, दादा. ताण द्यायच्या आधी पाचट दोन ओळींच्या मध्ये ओढून घ्यावं आणि बहाराचं पहिलं पाणी दिल्यावर परत पसरावं. मजुरी वाढते, पण थर फुकट जात नाही.

नत्राला मात्र उपाय आहे. टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट, 1 किलो पाचट कुजवणारं संवर्धन, म्हणजे कुजवणाऱ्या जीवाणू-बुरशीचं विरजण. 50 किलोच्या आळ्याला हिशेब 400 ग्रॅम, 500 ग्रॅम आणि 50 ग्रॅम. खतं आधी टाकून थर भिजवा. संवर्धन शेणकाल्यात मिसळून नंतर शिंपडा, युरियात कालवू नका. पुढं खाली पांढरी जाळी दिसली तर घाबरून बुरशीनाशक मारू नका, ती बहुतेक कुजवणारी बुरशीच असते. आणि शिरोळच्या क्षारपड पट्ट्यात तर उघड्या मातीतून पाणी उडतं तसे क्षार वर येतात. थर तिथं जास्त गरजेचा आहे.

आजरा_जांभा
तुमची दोघांची चर्चा सपाट रानाची आहे. आमच्याकडं उतार, जांभ्याची तांबडी माती आणि धो-धो पाऊस. जूनला आळं उघडं ठेवलं तर वरची माती ओढ्याला जाते, म्हणून पावसाळ्यात थर हवाच. फक्त बुंध्यापासून दीड फूट मोकळं सोडा आणि वरच्या अंगाला चर मारा. ओला थर सालीला टेकला की साल कुजते, कोरडा टेकला की वाळवी चढते.

आंब्याला ऑक्टोबरमध्ये नवा थर देऊ नका. ओल राहिली की मोहराऐवजी पालवी येते. फळं वाटाण्याएवढी झाल्यावर द्या, गळ कमी होते.

ठिबक_करवीर
लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, थराखाली घ्या. वर ठेवली तर थोडं पाणी पाचटच पिऊन टाकतं. पण खाली उंदीर कुरतडतात, म्हणून दर पंधरा दिवसांनी थर उचलून ड्रिपर बघावे लागतात. एवढं होणार नसेल तर 100 मायक्रॉनचा प्लास्टिक पेपर बरा.

शिरोळ_काळं_रान
प्लास्टिकनं मातीला काही मिळत नाही, उलट फाटलेले तुकडे रानात राहतात. त्यापेक्षा पाचट बरं. माझी खरी काळजी पाण्याची आहे. थर टाकला तरी लोक जुन्याच पाळीनं पाणी देतात आणि काळ्या रानात मुळं गुदमरतात. थर बाजूला सारून खुरप्यानं वीतभर खालची माती काढा, मुठीत दाबा. गोळा होऊन बोटानं फुटला तर वाफसा, म्हणजे हवी तेवढीच ओल, आहे, थांबा. बोटाला चिकटून राहिला तर अजून चार दिवस पाणी नको. गोळाच होत नसेल तरच मोटर चालू करा.