१५ महिन्यांच्या बाळाला दुसऱ्याच्या मनातलं कळतं का? आणि चिंपांझीला?

दांडियाबाजारची आत्या
परवा भाच्याच्या बालवाडीत पालकांची मीटिंग होती, वहिनीला सुट्टी नव्हती म्हणून मी गेले. तिथे सांगितलं की चार वर्षांखालच्या मुलांना दुसऱ्याच्या मनात वेगळं काही असतं हे कळतच नाही. मला नाही पटलं. काल आमची आजी चष्मा शोधत होती, देव्हाऱ्यापाशी बघितलं, उशीखाली बघितलं, आणि भाच्याची १५ महिन्यांची बहीण गादीवर बसून शिलाई मशीनकडे बोट दाखवून ऊं ऊं करत होती, आजीने तिथून चष्मा उचलला तशी गप्प झाली आणि परत आपल्या वाटीचमच्यात रमली. तिला चष्मा नको होता हो! आजीला माहीत नाही हे कळल्याशिवाय ती सांगेल कशाला? २००६ मध्ये १२ महिन्यांच्या बाळांवर असाच प्रयोग झालाय, मोठ्या माणसाची हरवलेली वस्तू बाळं बोटाने दाखवत होती.

रावपुऱ्याचे सर (निवृत्त)
मी तीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं, म्हणून लिहितो. आजी काहीतरी शोधतेय हे दिसतं, चष्मा पण दिसतो, बाळाने दोन्ही जोडलं. छान आहे, पण खरी परीक्षा असते समोरच्याचा गैरसमज कळण्याची. १९८३ चा विमर आणि पर्नर यांचा प्रयोग बघा. मॅक्सी चॉकलेट एका कपाटात ठेवून जातो, आई ते दुसऱ्या कपाटात हलवते, मॅक्सी परत आल्यावर कुठे बघेल? तीन वर्षांची बहुतेक मुलं म्हणतात, जिथे आत्ता आहे तिथे. चारपाच वर्षांची बरोबर सांगायला लागतात. बालवाडीतल्या बाई हेच सांगत असणार.

दांडियाबाजारची आत्या
पण सर, तिथे मुलाला गोष्ट लक्षात ठेवायची, प्रश्न समजायचा आणि वर आपल्याला माहितेय ते दाबून उत्तर द्यायचं, हे सगळं एकदम. २००५ मध्ये ओनिशी आणि बायर्झाँ यांनी १५ महिन्यांच्या बाळांना काही विचारलंच नाही. खेळण्यातली कलिंगडाची फोड, एक हिरवा डबा एक पिवळा, बाईला न दिसता फोड दुसऱ्या डब्यात गेली, आणि बाईने तिच्या समजुतीप्रमाणे न शोधता भलत्याच डब्यात हात घातला की बाळं जास्त वेळ टक लावून बघायची.

रावपुऱ्याचे सर (निवृत्त)
टक लावून बघणं म्हणजे नवल वाटलं एवढंच, कशाचं वाटलं ते आपण ठरवतो. आणि बाळांच्या नजरेचे असे काही प्रयोग दुसऱ्या लॅबमध्ये परत केले तेव्हा तसे निकाल आले नाहीत, हे पण सांगायला हवं.

मांजलपूरची आई
हे वाचून मी घरीच करून बघितलं, मुलगा साडेतीन वर्षांचा. खाखऱ्याचा डबा बाबांनी ओट्याखालच्या कपाटात ठेवला, ते आंघोळीला गेले, मी फ्रिजवर ठेवला. बाबा कुठे बघतील? म्हणाला, "फ्रिजवर." पण शपथेवर सांगते, बोलायच्या आधी त्याची नजर खाली कपाटाकडे गेली होती.

दांडियाबाजारची आत्या
हेच तर! १९९४ मध्ये क्लेमेंट्स आणि पर्नर यांना हेच दिसलं होतं, तीन वर्षांच्या आसपासची मुलं तोंडाने चुकतात पण बघतात बरोबर जागी. पर्नर म्हणजे सरांनी सांगितलेलेच. म्हणजे कळतं, सांगता येत नाही.

सयाजीबाग सकाळी सहा
अहो मनातलं तर वानराला पण कळतं. आमच्या गच्चीवर हुप्प्या माझी पाठ वळायची वाटच बघतो.

रावपुऱ्याचे सर (निवृत्त)
वानर माकडांतलं झालं. चर्चा एप्सची, म्हणजे चिंपांझी, बोनोबो, गोरिला, ओरांगउटान या बिनशेपटीच्या मोठ्या वानरांची आहे. आणि त्यांचंही ऐका, १९९६ मध्ये पोविनेलीच्या प्रयोगात चिंपांझी डोक्यावर बादली घातलेल्या माणसाकडेही हात पसरून खाऊ मागत होते. त्याला दिसत नाही एवढंही कळलं नाही.

दांडियाबाजारची आत्या
कारण भीक मागणं हा त्यांचा खेळच नाही. २००० मध्ये हेअर, कॉल आणि टोमासेलो यांनी दोन चिंपांझी समोरासमोर ठेवले, एक दादा, एक दबलेला. दबलेला बहुतेक तोच खाऊ उचलायला जायचा जो आडोशामुळे दादाला दिसत नव्हता. भांडणाची वेळ आली की डोकं चालतं! आणि २०१६ चा व्हिडिओवाला प्रयोग, एपचा वेष घातलेला माणूस गवताच्या ढिगात लपतो, दुसरा काठी आणायला जातो, तोवर पहिला तिथून पळून जातो. बघणाऱ्या एप्सची नजर आधीच त्या ढिगाकडे, जिथे काठीवाला चुकून शोधणार होता.

रावपुऱ्याचे सर (निवृत्त)
२०१६ चं मी मान्य करतो, २०१९ मध्ये त्यावर जास्त कडक प्रयोग झाला त्यातही ते टिकले. पण तुमच्या भाचीने जे केलं ते? २०२५ मध्ये अमेरिकेत आयोवात तीन बोनोबोंनी, कांझी नावाचा प्रसिद्ध बोनोबो त्यातलाच, माणसाला खाऊ कुठे लपलाय ते माहीत नसेल तर जास्त लवकर आणि जास्त वेळा बोट दाखवलं. पण तो खाऊ त्यांनाच मिळणार होता. आजीच्या चष्म्यात तुमच्या भाचीचा काय फायदा? माझ्या मते मोठा फरक तिथे आहे, मनातलं कळण्यात कमी, सांगावंसं वाटण्यात जास्त.
मांजलपूरच्या ताई, मुलाला परत विचारा, पण "बाबा सगळ्यात आधी कुठे बघतील" असं. १९९१ मध्ये एवढ्याच बदलाने तीन वर्षांच्या बऱ्याच मुलांची उत्तरं सुधारली होती.

मांजलपूरची आई
विचारलं सर. म्हणाला, "कपाटात. मग मी सांगीन ना त्यांना."

रावपुऱ्याचे सर (निवृत्त)
कालचं आठवून बोलला असेल. आठ दिवसांनी डबा तिसरीकडे ठेवून परत विचारा आणि इथेच लिहा.