मदत हवी आहे : वर्डमध्ये दोन दंड आणि अवग्रह कसे काढायचे?

घाईत_सेक्रेटरी
मंडळाची आरतीपुस्तिका आज रात्री प्रेसला द्यायची आहे, ३६ पानं. कडव्याच्या शेवटचे दंड मी बॅकस्लॅशच्या बटणावरची उभी रेघ दोनदा दाबून काढले होते. प्रुफात त्या रेघा शिरोरेषेच्या वर गेल्यात आणि खालीही लोंबतायत. 'नमस्तेऽस्तु'मध्ये अवग्रहाऐवजी इंग्रजी एस घातला होता, तो सरळ एसच दिसतो. खरी चिन्हं कुठल्या बटणावर असतात? गूगल करा म्हणू नका, तिथूनच आलोय.

कळफलक
फॉन्ट कुठला? युनिकोड की श्री-लिपीसारखा जुना?

घाईत_सेक्रेटरी
मराठी फॉन्ट.

कळफलक
डॉक्टरांनी कुठलं औषध चालू आहे विचारल्यावर 'पांढरी गोळी' सांगता तुम्ही. थोडा मजकूर निवडून फॉन्ट मंगल करा. नीट वाचता आला तर युनिकोड, इंग्रजी कचरा झाला तर जुना.

घाईत_सेक्रेटरी
नीट वाचता येतोय. पुढे?

कळफलक
०९६५ टाइप करून लगेच ऑल्ट-एक्स. ॥ येईल. एका दंडाला ०९६४, अवग्रहाला शून्य-नऊ-तीन-डी.

पेंग्विनभाऊ
वर्ड सोडा, लिबरऑफिस घ्या. फुकट आहे.

कळफलक
तिथेही ऑल्ट-एक्सच दाबायचंय, भाऊ.

शुद्धलेखन_काकू
मराठीत दंड हवेत कशाला? मेजर कँडीने विरामचिन्हं रुळवली, तेव्हापासून पूर्णविराम आहे की.

नानबा
काकू, आरतीत कँडी नको. तिथे दंडच शोभतात.

मोबाइलवरून
विषय निघालाच आहे तर, माझ्या फोनवर 'ॲप'मधला ॲ काही ठिकाणी तुटून अ आणि चंद्र वेगळे दिसतात. कोणाला माहीत आहे का?

घाईत_सेक्रेटरी
नाही होत हो! ०९६५ लिहून दाबलं की नुसता ५ जातो आणि त्याच्या जागी इंग्रजीत शून्य-नऊ-सहा-बी येतं. साडेसात वाजलेत.

कळफलक
आकडे मराठीत टाइप करताय. वर्डने तुमच्या देवनागरी ५चा संकेतांक काढून दिला. विंडोज-स्पेस दाबून कीबोर्ड इंग्रजी करा, मग तेच करा.

नानबा
आणि एकेक बदलत बसू नका. एकदा ॥ आला की कॉपी करा, कंट्रोल-एच. वरच्या रकान्यात दोन रेघा, खालच्यात ॥, रिप्लेस ऑल. रेघांमध्ये कुठे स्पेस पडली असेल तर ती जोडी वेगळी शोधा. मी स्वतः ऑटोकरेक्टमध्ये दोन अर्धविरामांचा ॥ करून ठेवलाय. ती यादी भाषेनुसार वेगळी असते, म्हणून कर्सर मराठी मजकुरात ठेवून भरायची.

घाईत_सेक्रेटरी
दंड झाले! २१२ बदलले. त्याच जोशात एसलाही रिप्लेस ऑल केलं, तर शेवटच्या पानावरच्या सराफांच्या इंग्रजी जाहिरातीत अवग्रहच अवग्रह. पुस्तिकेचे पैसे त्यांनीच दिलेत.

कळफलक
कंट्रोल-झेड. एस एकेक बघून बदला.

नानबा
प्रेसवाला पेजमेकर वापरतो का ते विचारा. त्याला युनिकोड मराठी झेपत नाही, मग थेट पीडीएफच द्यावी लागेल.

घाईत_सेक्रेटरी
विचारलं. पेजमेकरच. पीडीएफ करतोय.

मोबाइलवरून
आणि माझा ॲ?