तातडीने मदत हवी: ट्रेकचे बूट उद्या सकाळपर्यंत वाळवायचे कसे?

ओलाचिंब, 12:05
बूट आतपर्यंत भिजलेत. उलटे धरले तर धार लागतेय. उद्या सकाळी निघायचंय, दुसरा जोड नाही, फक्त बाथरूमच्या स्लिपर आहेत. हेअर ड्रायर नाही. झटपट उपाय सांगा. जुने धागे चाळून झालेत, सगळे पावसाळ्यातले आहेत.

गडी_साताऱ्याचा, 12:09
कुठल्या गडावर होतास? दोन तास उन्हात ठेव, खडखडीत वाळतात.

ओलाचिंब, 12:11
ऊन कुठलं, इंग्लंडात आहे. इथे पावणेचारला सूर्य मावळतो.

चहाबाज, 12:12
मग ते आधी सांगायचं ना राव. चामड्याचे की कापडी?

ओलाचिंब, 12:16
चामड्याचे. काल सकाळी कासलरिगच्या दगडी वर्तुळात गेलो होतो. साडेचार-पाच हजार वर्षांचे दगड, सगळ्यांवर दंव, आणि मेंढ्या सोडल्या तर मी एकटा. डोक्यात हवा गेली, म्हणून आज कॅटबेल्सचा डोंगर. उतरताना एक गोठलेलं डबकं लागलं, वरून अगदी काच. पाय ठेवला तो पोटरीपर्यंत आत, आणि दुसरा पाय पहिल्याला काढायला गेला. रेडिएटरवर ठेवू का?

जोशीकाकू_लीड्स, 12:19
रेडिएटरवर अजिबात नको. चामडं तडकतं, तळव्याचा गोंद सुटतो. नाड्या पूर्ण काढ, आतले सुटे सोल वेगळे कर आणि वर्तमानपत्राचे बोळे कोंब. तासाभराने बोळे बदलत राहा. यूथ हॉस्टेलात असशील तर ड्राइंग रूम असेल, तिथे ठेव.

चहाबाज, 12:20
बूट ड्रॉइंग रूममध्ये? काकू, हाकलून देतील त्याला.

जोशीकाकू_लीड्स, 12:22
ड्रॉइंग नव्हे रे, ड्राइंग. वाळवायची खोली. गरम हवा असते, आणि दहा जणांच्या मोज्यांचा वास.

गडी_साताऱ्याचा, 12:24
कागदाने काही होत नाही, सकाळी बूट दमटच राहतात. स्वानुभव, हरिश्चंद्रगड. बूट तांदळात पुरून ठेव.

चहाबाज, 12:25
दोन बुटांना किती किलो लागतील? आणि त्या तांदळाचा नंतर भात कोण खाणार?

गडी_साताऱ्याचा, 12:26
निदान मी उपाय तरी सांगतोय. तुझं काय योगदान?

शिसपेन्सिल, 12:28
अवांतर: कॅटबेल्स म्हणजे धागाकर्ते केझिकला आहेत. स्पेलिंगमधला डब्ल्यू उच्चारत नाहीत, तेव्हा कृपया केस्विक म्हणू नये. जवळच्या बॉरोडेल खोऱ्यात सोळाव्या शतकात ग्राफाइट सापडलं, त्याला लोक शिसं समजले, म्हणून आपण आजही शिसपेन्सिल म्हणतो. गावात पेन्सिलींचं संग्रहालय आहे. तिथली रेल्वे मात्र 1972मध्ये बंद झाली.

ओलाचिंब, 12:30
केस्विक कोण म्हणालं? मी तर गावाचं नावच घेतलं नव्हतं.

जोशीकाकू_लीड्स, 12:31
एक मिनिट. उद्या निघायचंय म्हणजे नक्की कुठे?

ओलाचिंब, 12:33
लंडन. परवा दुपारी हीथ्रोहून मुंबईचं विमान आहे. इथून बसने पेनरिथ, पुढे ट्रेन. ॲपवर उद्याची एकही गाडी दिसत नाहीये, हॉस्टेलचं वायफाय गंडलंय बहुतेक. ते रात्री बघतो, आधी बुटांचं सांगा.

जोशीकाकू_लीड्स, 12:34
अरे बाळा, वायफाय धड आहे. उद्या 25 डिसेंबर. नाताळच्या दिवशी ब्रिटनमध्ये रेल्वे धावत नाही. तुझी पेनरिथची बसही नाही. 26लाही बरेच मार्ग बंदच असतात. बूट गेले खड्ड्यात, तू आत्ता निघ.

ओलाचिंब, 12:35
काय??? सगळ्या देशातली रेल्वे कशी बंद असेल? आपल्याकडे दिवाळीत जादा गाड्या सोडतात!

गडी_साताऱ्याचा, 12:37
घाबरू नको. उद्या टॅक्सी कर, किंवा एसटीसारखं काही असेलच.

जोशीकाकू_लीड्स, 12:39
त्याला भलतं सांगू नका हो. नाताळला लांब पल्ल्याच्या काही मोजक्या बस असतात, त्या मोठ्या शहरांतून. हा डोंगरात बसलाय. टॅक्सीने लंडन म्हणजे विमानाचं तिकीट परवडलं. ओलाचिंब, आज 24, संध्याकाळी गाड्या लवकर आटोपतात. बूथ्स सुपरमार्केटच्या बाहेर बसथांबा आहे.

ओलाचिंब, 12:41
पण आजच्या रात्रीचे पैसे भरलेत. परत मिळणार नाहीत.

जोशीकाकू_लीड्स, 12:41
सोड ते पैसे!

चहाबाज, 12:43
आता माझं योगदान. कोरडे मोजे घाल, त्यावर ब्रेडच्या रिकाम्या पिशव्या, मग ओले बूट. पाय कोरडे राहतात. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात शोध, पिशव्या मिळतीलच.

मे_महिनाच_बरा, 12:50
म्हणून मी सगळ्यांना सांगतो, यूकेला मे महिन्यात जावं. आमच्या दहा दिवसांच्या सहलीचं वर्णन लिहितोय, लवकरच टाकतो.

शिसपेन्सिल, 13:15
पोचले का बसपर्यंत?

गडी_साताऱ्याचा, 14:40
प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

ओलाचिंब, 16:10
ट्रेनमध्ये आहे. आत्ता प्रेस्टन गेलं. खच्चून गर्दी, दाराजवळ सॅकवर बसलोय. बसमधून ब्लेनकॅथ्रा डोंगराच्या माथ्यावर पाच मिनिटं लख्ख ऊन दिसलं, गडीभाऊ, तेवढंच. ब्रेडच्या पिशव्या चालल्या, फक्त प्रत्येक पावलाला चुरचुर आवाज येतो आणि डबा वळून बघतो. समोरच्या आजींनी बुटांकडे पाहिलं, काही विचारलं नाही, हातातला पेपर पुढे केला. म्हटलं, वाचून झाला का? तर परत घेतला, शब्दकोड्याचं पान नीट घडी पाडून फाडलं, पर्समध्ये ठेवलं आणि बाकीचा मला दिला. आता बोळे कोंबतोय.

काकू, उद्या लंडनमध्ये खायला काय उघडं असतं?

जोशीकाकू_लीड्स, 16:14
उतरलास की आधी ब्रेड घे. पिशवीसकट.