माणूस गेल्यावर त्याचं घर विकताना कुटुंबाला खरा आधार कशाचा?

ओसरी:
माझं मत सरळ आहे. एजंटाने सांत्वनाच्या भानगडीत पडू नये. "तुमचं दुःख समजतं" म्हणायचं आणि लगेच सहीसाठी कागद पुढे करायचा, असली माणसं पुष्कळ पाहिली. विकायचा अधिकार कोणाचा, मृत्युपत्र आहे का, कर्जाचा बोजा उरलाय का, सह्या कोणाकोणाच्या लागतील, एवढं त्याने नीट सांगावं. गेलेल्या माणसाने दिलेलं मुखत्यारपत्र सहसा त्याच्याबरोबरच संपतं, हे कित्येकांना ऐन व्यवहाराच्या वेळी कळतं.

मधली_सून:
कपाट तुम्हाला आवरायचं नाहीये, म्हणून कागद सोपे वाटतात. सासऱ्यांचे शर्ट काढताना सासूबाई थांबल्या की आम्हीही थांबायचो. आमच्या एजंटाने "कधी रिकामं करताय?" असं एकदाही विचारलं नाही. मी तर म्हणते, वर्षभर घराला हातच लावू नये.

खातेवही:
वर्षभर? बंद घरही खर्च मागतं. कर, हप्ते, देखभाल सुरूच. बऱ्याच घरविम्यांत घर ठरावीक मुदतीपलीकडे रिकामं राहिलं की संरक्षण कमी होतं, आणि नळ फुटला तरी बघायला कोणी नसतं. शिवाय हा खर्च सगळे वारस सारखा उचलत नाहीत. जो जवळ राहतो तो भरतो, आणि धुसफूस तिथूनच सुरू होते.

मधली_सून:
म्हणून पडत्या भावात द्यायचं? अशा घरातली माणसं घासाघीस करायच्या मनःस्थितीत नसतात, हे घेणाऱ्याला बरोबर ठाऊक असतं.

खातेवही:
विका कुठे म्हटलं? दोन-तीन स्वतंत्र मूल्यांकनं आत्ता घ्या, विक्री सवडीने करा. अनेक देशांत मृत्यूच्या तारखेची किंमत करासाठी लागते. ती नंतर शोधत बसणं फार जिकिरीचं.

तिसरी_बाजू:
हा "वर्षभर"चा नियम आला कुठून? दुःखाचे ते प्रसिद्ध पाच टप्पेसुद्धा (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडले ते मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांचं वेळापत्रक त्यातून निघत नाही. एकाच घरात बहिणीला चावी आजच देऊन मोकळं व्हायचं असतं आणि भावाला खोली आहे तशी ठेवायची असते. दोघांचंही चुकत नाही. आधी कागदपत्रं आणि दागिने बाजूला काढा, प्रत्येक खोलीचे फोटो घ्या, कोणाला काय हवं ते लिहून घ्या. मृत्युपत्र वाचून होईपर्यंत मात्र एक वाटीसुद्धा कोणाला देऊ नका. (वाटीवरूनच अबोले धरले जातात.)

ओसरी:
मधली_सून, तुमच्या एजंटाने घाई केली नाही, छान. पण कमिशनचा आकडा पहिल्या भेटीत लेखी दिला होता का? नसेल, तर त्याच्या धीराचं मला कौतुक नाही.

मधली_सून:
दिला होता. थोरल्या दिरांना वेगळी प्रतही पाठवली होती, कारण आमच्या तोंडून ऐकलेला आकडा त्यांना खरा वाटत नाही.