रेणापूर विधानसभा मतदारसंघ : गाव लातूर जिल्ह्यात, आमदार बीड जिल्ह्याचा, हे कसे घडले?

रेणाकाठ

सर्व सभासदांना नमस्कार. रेणापूर तालुक्यातील आम्ही काही शिक्षक मिळून तालुक्याच्या सार्वजनिक जीवनाची माहिती देणारी एक पुस्तिका तयार करीत आहोत. रेणुकादेवीचे देवस्थान, बाजारपेठ, रेणा नदीवरील प्रकल्प आणि साखर कारखाना यांविषयीचा मजकूर जमला आहे. काम अडले आहे ते रेणापूर विधानसभा मतदारसंघाच्या प्रकरणापाशी. गोपीनाथ मुंडे हे या मतदारसंघाचे आमदार होते, एवढे आमच्या शाळेतील मुलेही सांगतात. परंतु त्यापुढे विचारले की मोठ्यांनाही नीट उत्तर देता येत नाही.

माझ्या शंका अशा आहेत. रेणापूर लातूर जिल्ह्यात असताना निवडणुकीच्या जुन्या याद्यांमध्ये हा मतदारसंघ बीड जिल्ह्याच्या मतदारसंघांसोबत का दिसतो? मुंडे साहेबांचे नाथ्रा हे गाव परळी तालुक्यातले, मग मतदारसंघाला परळीचे नाव न मिळता आमच्या गावाचे नाव कसे मिळाले? २००९ च्या निवडणुकीपासून हे नाव यादीतून गेले, ते कोणत्या निर्णयाने? आणि आजचा परळी मतदारसंघ हाच जुना रेणापूर मतदारसंघ होय, असे पुस्तिकेत लिहिले तर ते योग्य ठरेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे, कारण हे मुलांच्या हातात जाणार आहे.

अंबाजोगाईचा वाचक

रेणाकाठ सर, आपला प्रश्न वाचून फार आनंद झाला. गावाच्या इतिहासात देवळे आणि गढ्या येतात, पण मतदारसंघ क्वचितच येतो. वास्तविक गेल्या साठ-सत्तर वर्षांत कोणता रस्ता झाला, कोणता तलाव झाला आणि कोणाचे म्हणणे मुंबईपर्यंत पोहोचले, हे ठरविण्यात मतदारसंघाच्या सीमेचा वाटा मोठा आहे.

आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर जिल्ह्यांच्या फेररचनेत आहे. १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन लातूर जिल्हा अस्तित्वात आला. त्याआधी रेणापूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातही नव्हते. ते बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई तालुक्याचा भाग होते. नवा जिल्हा करताना अंबाजोगाई तालुक्यातील रेणापूर परिसराची गावे लातूरला जोडण्यात आली आणि पुढे रेणापूर स्वतंत्र तालुका झाला. आपल्या भागातील वडीलधाऱ्या मंडळींच्या जुन्या कागदपत्रांवर जिल्हा बीड आणि तालुका अंबाजोगाई अशी नोंद सापडते, ती यामुळेच.

मतदारसंघाची आखणी मात्र यापूर्वीच झालेली होती. १९७१ च्या जनगणनेच्या आधारे नेमलेल्या परिसीमन आयोगाचा आदेश १९७६ मध्ये निघाला, महाराष्ट्र विधानसभेच्या जागा २७० वरून २८८ झाल्या आणि १९७८ ची निवडणूक या नव्या आखणीनुसार पार पडली. त्या वेळी रेणापूर आणि परळी दोन्ही बीड जिल्ह्यातच असल्यामुळे त्यांना एका मतदारसंघात ठेवण्यात काहीही वावगे नव्हते. चार वर्षांनी जिल्ह्याची सीमा मधूनच गेली, परंतु जिल्ह्याची सीमा बदलली म्हणून मतदारसंघाची सीमा आपोआप बदलत नाही. त्यासाठी पुन्हा परिसीमन व्हावे लागते, आणि ते तर घटनेनेच थांबवून ठेवले होते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने २००० सालानंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत मतदारसंघांची फेररचना गोठविली. लोकसंख्या नियंत्रणाचे काम चांगले करणाऱ्या राज्यांच्या जागा कमी होऊ नयेत, हा त्यामागचा विचार होता. त्या विचाराचा रेणापूरशी थेट काही संबंध नव्हता, परंतु परिणाम असा झाला की तहसील, जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा परिषद लातूरकडे असलेल्या गावांचा आमदार दोन तपांहून अधिक काळ परळीच्या राजकारणातून निवडला जात राहिला. या गैरसोयीचा आपल्या पुस्तिकेत आवर्जून उल्लेख व्हावा, असे मला वाटते. ज्या गावाचा तलाठी एका जिल्ह्याचा आणि आमदाराचा सारा गोतावळा दुसऱ्या जिल्ह्याचा, त्या गावाने आपले काम घेऊन नेमके कोणाकडे जायचे, हा प्रश्न त्या काळात खरोखरच होता.

आता राजकीय बाजू. ६ एप्रिल १९८० रोजी भारतीय जनता पक्षाची स्थापना झाली आणि त्यानंतर काही आठवड्यांतच झालेल्या विधानसभा निवडणुकीत या नव्या पक्षाचे राज्यात अवघे १४ आमदार निवडून आले. त्या चौदांपैकी एक रेणापूरचे गोपीनाथ मुंडे होते. अंबाजोगाईच्या महाविद्यालयात शिकलेला आणि प्रमोद महाजन यांच्यासोबत विद्यार्थी चळवळीत वाढलेला शेतकरी कुटुंबातील हा तरुण त्या वेळी तिशीत होता. १९८५ मध्ये त्यांचा पराभव झाला. पुढे १९९०, १९९५, १९९९ आणि २००४ या चारही निवडणुका त्यांनी येथूनच जिंकल्या. १९९२ ते १९९५ या काळात ते विधानसभेतील विरोधी पक्षनेते होते आणि मार्च १९९५ मध्ये उपमुख्यमंत्री झाले. २००९ मध्ये ते बीडमधून लोकसभेवर गेले. त्यामुळे रेणापूरचे शेवटचे आमदार म्हणूनही त्यांचेच नाव लिहावे लागेल.

परळी खोरे

वरील प्रतिसादात १९८५ चा उल्लेख एका वाक्यात आटोपला आहे. तो थोडा वाढवावा असे वाटते. त्या निवडणुकीत पंडितराव दौंड यांनी मुंडे यांचा पराभव केला. दौंड पुढे राज्यमंत्रीही झाले. रेणापूरचा इतिहास लिहिताना हे नाव गाळले, तर हा मतदारसंघ पहिल्यापासून एकाच नेत्याचा होता असा समज मुलांच्या मनात पक्का होईल आणि तो वस्तुस्थितीला धरून नाही. मुंडे साहेबांविषयी मला अत्यंत आदर आहे. पराभवानंतर वाडी-तांड्यांवर फिरून त्यांनी जी बांधणी केली, तिच्यामुळेच १९९० नंतरचे त्यांचे यश उभे राहिले, हे आमच्या घरातील जुनी माणसे आजही सांगतात. म्हणूनच तो पराभव लपविण्यासारखा नाही.

परळी हाच जुना रेणापूर, हे मात्र मी ठामपणे म्हणेन. माणसे तीच, कार्यकर्ते तेच, प्रचाराच्या सभाही त्याच गावांत. २००९ मध्ये पंकजा मुंडे परळीतून निवडून आल्या, तेव्हा आमच्याकडे कोणालाही हा नवा मतदारसंघ वाटला नाही.

जुने राजपत्र

परळी खोरे यांच्या भावनेचा आदर राखून थोडी वेगळी बाजू मांडतो.

२००९ पूर्वीच्या आणि नंतरच्या मतदारसंघांचे नाते ठरविताना कार्यकर्ते कोण होते यापेक्षा गावे कोणती होती हे पाहिले पाहिजे. २००२ च्या कायद्यानुसार न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली परिसीमन आयोग नेमला गेला. २००३ च्या ८७ व्या घटनादुरुस्तीमुळे २००१ च्या जनगणनेची लोकसंख्या आधारभूत धरण्यात आली आणि फेब्रुवारी २००८ मध्ये राष्ट्रपतींच्या अधिसूचनेने नवी आखणी अमलात आली. राज्याच्या २८८ जागा तेवढ्याच राहिल्या, परंतु जिल्ह्यांमधील वाटणी बदलली आणि प्रत्येक विधानसभा मतदारसंघ एकाच जिल्ह्याच्या हद्दीत बसविण्याचे धोरण आयोगाने ठेवले. रेणापूरचे नाव गेले ते या धोरणाने. दोन जिल्ह्यांत पसरलेला मतदारसंघ नव्या आखणीत टिकणे शक्यच नव्हते.

त्यानंतर बीड जिल्ह्यातील परळी तालुका आणि अंबाजोगाई तालुक्यातील घाटनांदूर, बर्दापूर ही महसूल मंडळे मिळून २३३ क्रमांकाचा परळी मतदारसंघ झाला. रेणापूर तालुका मात्र लातूर तालुक्याच्या आणि औसा तालुक्याच्या काही भागासह २३४ क्रमांकाच्या लातूर ग्रामीण मतदारसंघात गेला. यादीत हे दोन क्रमांक एकापाठोपाठ येतात, पण मध्ये जिल्ह्याची सीमा आहे. तेव्हा जुन्या रेणापूरला दोन वारस आहेत, आणि ज्या गावाच्या नावाने मतदारसंघ ओळखला जात होता ते गाव परळीच्या वाट्याला आलेलेच नाही. रेणापूरच्या शिक्षकांनी रेणापूरच्या मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत परळी हाच आपला जुना मतदारसंघ असे छापले, तर २००९ पासून आपण कोणासाठी मतदान करीत आहोत हेच मुलांना कळणार नाही. लातूर ग्रामीणमधून २००९ मध्ये वैजनाथ शिंदे, २०१४ मध्ये त्र्यंबकराव भिसे आणि २०१९ मध्ये धीरज देशमुख असे तिघेही काँग्रेसचे आमदार झाले. २०२४ मध्ये भाजपचे रमेश कराड निवडून आले. २०१९ च्या निवडणुकीत येथे दुसऱ्या क्रमांकाची मते ‘नोटा’ला पडली होती, याचीही नोंद पुस्तिकेत घ्यावी. परळीचा २००९ नंतरचा इतिहास याहून पूर्णपणे निराळा आहे, आणि एकाच मतदारसंघाचे दोन भाग किती वेगळ्या दिशांनी गेले हे त्यावरून दिसते.

याच आखणीत आपल्या आसपासची चौसाळा, हेर आणि कळंब ही नावेही यादीतून गेली. बीड जिल्ह्याच्या जागा सातवरून सहावर आल्या आणि अनुसूचित जातींसाठीच्या राखीव जागा राज्यभरात १८ वरून २९ झाल्या.

अंबाजोगाईचा वाचक

जुने राजपत्र यांचे म्हणणे मला पटते. दोन वारस ही मांडणी पुस्तिकेत जशीच्या तशी घ्यावी.

१९७८ पूर्वीच्या काळाविषयी थोडे लिहितो, कारण तो भाग बहुतेक लेखनातून सुटतो. मराठवाड्यातील लोकांनी पहिली सार्वत्रिक निवडणूक मुंबई राज्यात लढविलेली नाही. १९५२ मध्ये आपण हैदराबाद राज्यात होतो. तेथील विधानसभेच्या १७५ जागांसाठी १४२ मतदारसंघ होते आणि त्यांपैकी ३३ मतदारसंघांतून प्रत्येकी दोन आमदार निवडले जात. काँग्रेसला ९३ जागा मिळाल्या, तर पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटने ४२ जागा जिंकल्या. कम्युनिस्ट पक्षावर हैदराबाद राज्यात बंदी असल्यामुळे त्याचे कार्यकर्ते या आघाडीच्या नावाने उभे होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९५७ ची निवडणूक त्या राज्याच्या ३९६ जागांच्या विधानसभेसाठी झाली आणि महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर १९६२ मध्ये २६४ जागांसाठी मतदान झाले. दोन आमदारांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले होते. म्हणजे १९५२, १९५७ आणि १९६२ या तीन निवडणुकांत आपल्या गावांनी तीन वेगवेगळ्या विधानसभांसाठी मत दिले.

बीड जिल्ह्यात त्या काळी डाव्यांचा जोर होता, हेही विसरून चालणार नाही. १९६७ मध्ये साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील कम्युनिस्ट पक्षातर्फे बीडमधून लोकसभेवर निवडून गेले आणि १९७७ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे येथून खासदार झाले. सध्या त्या प्रवाहाची खूण शोधावी लागते, परंतु १९८० मध्ये एका नव्या पक्षाच्या तरुणाला निवडून देणारा मतदार हा अशा प्रस्थापितविरोधी परंपरेत तयार झालेला होता, असे माझे मत आहे.

परळी खोरे

गावांच्या हिशेबाने पाहिले तर दोन वारस मान्य करावे लागतील. तरीही कार्यकर्त्यांच्या नात्यांचा इतिहास पुस्तिकेत वेगळ्या परिच्छेदात यावा, एवढी विनंती आहे. जिल्ह्याची सीमा पडल्यानंतरही रेणापूर आणि परळी यांमधील सोयरिकी, बाजार आणि वैजनाथाची यात्रा यांत खंड पडला नाही.

रेणाकाठ

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. कार्यकर्त्यांच्या नात्यांविषयी परिच्छेद नक्की घेऊ. एक शेवटची शंका आहे. जुन्या रेणापूरमध्ये मिळालेल्या मतांची तुलना आम्ही परळीच्या किंवा लातूर ग्रामीणच्या मतांशी एकाच तक्त्यात करणार होतो. ते बरोबर होईल का? आणि प्रत्येक गाव कोणत्या वर्षी कोणत्या मतदारसंघात होते, हे शोधायचे कसे?

जुने राजपत्र

एकाच तक्त्यात कृपया करू नये. मतदारांची संख्या आणि गावे दोन्ही बदललेली असल्यामुळे त्या आकड्यांतून चुकीचा अर्थ निघेल. १९७८ ते २००४ असा एक तक्ता करावा आणि २००९ नंतर दोन स्वतंत्र तक्ते करावेत. उमेदवारनिहाय मते निवडणूक आयोगाच्या प्रत्येक निवडणुकीच्या सांख्यिकी अहवालात मिळतात.

गावांसाठी परिसीमन आदेश पाहावा. आदेशात गावांची सरसकट यादी नसते. तालुका, महसूल मंडळ आणि आवश्यक तेथे तलाठी सजा अशा क्रमाने मतदारसंघाची व्याप्ती दिलेली असते. १९७६ चा आदेश वाचताना त्या काळातील मंडळांची रचना धरावी लागेल, आजची नव्हे. १९७१ च्या जनगणनेची बीड जिल्ह्याची पुस्तिका सोबत ठेवली, तर अंबाजोगाई तालुक्याच्या गावांची यादी त्यातच मिळेल. त्याआधीचे कागद शोधताना तालुक्याचे नाव मोमिनाबाद असेही आढळेल, कारण निजामाच्या राजवटीत अंबाजोगाईची नोंद त्या नावाने होत असे. प्रथम रेणापूर, पानगाव आणि खरोळा या मोठ्या गावांपासून सुरुवात करावी. त्यांची मंडळे निश्चित झाली की भोवतालची गावे लावणे सोपे जाईल.