कठीण गेम चालेल, पण बटण दाबल्यावर उडी तर मारा!

वैतागवाडीकर: सेलमध्ये एक छोटा इंडी (मोठ्या कंपनीविना केलेला) प्लॅटफॉर्मर, म्हणजे उड्या मारत पुढे जायचा गेम, घेतला. नाव घेत नाही, दोघा-तिघांनी खपून केलेला दिसतोय, कशाला कोणाच्या पोटावर पाय. चित्रं सुरेख, संगीत झकास. पण पुढे खाली काटे, वर करवती, मध्ये सरकत्या फळ्या, आणि आपला गडी बटण सोडलं तरी आणखी दोन पावलं घसरतोच. कडेवरून उडी मारायला जावं तर उडी न मारताच खाली. चेकपॉइंट, म्हणजे मेल्यावर जिथून परत सुरू होतं ती जागा, कोसभर मागे. तक्रार केली की उत्तर तयार: 'गिट गुड', म्हणजे आधी नीट खेळायला शिका.

सुपर मीट बॉयमध्येही (२०१०) करवतीच आहेत की! पण तिथे मेलो तर का मेलो ते कळतं, आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच परत उभा. कंट्रोल चोख नसतील तर त्याला कठीण गेम म्हणू नका, अर्धवट म्हणा.

हातोडेवाला: असहमत. 'गेटिंग ओव्हर इट' (२०१७) बघा. कढईत अडकलेला माणूस, हातात हातोडा, माउस हलवून डोंगर चढायचा. चेकपॉइंट एकही नाही. घसरलात की कधी थेट तळाशी, वर गेमचा कर्ता बेनेट फॉडी शांतपणे अपयशावर प्रवचन देतो. तो बेंगरूळ हातोडा हाच तर गेम आहे. चोख केला तर उरलं काय?

वैतागवाडीकर: राव, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. माउस जिकडे, हातोडा तिकडे, दर वेळी. अवघड आहे, लहरी नाही. माझ्या गेममध्ये तीच उडी एकदा बसते, एकदा नाही.

दुरुस्तीवाला: टीव्हीवर खेळता का? गेम मोड बंद असेल तर टीव्ही चित्रावर प्रक्रिया करत बसतो आणि सगळं उशिरा दिसतं. आधी ते तपासा, मग डेव्हलपरला शिव्या द्या.

वैतागवाडीकर: मॉनिटर आहे. कंट्रोलरही वायरचा.

रिकामटेकडा_कोडर: हौशी गेम बनवतो म्हणून थोडं लांबण लावतो. वैतागवाडीकर, तुम्ही मागताय ते चोख कंट्रोल बहुधा तुम्हाला मिळालेलेच आहेत, आणि तिथेच गोची आहे! सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची. कड सुटल्यावर एक फ्रेम उशिरा बटण दाबलंत तर काटेकोर गेम म्हणणार, पाय हवेत आहेत, उडी नाही. तुमच्या बोटाला मात्र वाटतं, वेळेवर दाबलं होतं. म्हणून तीच उडी 'कधी बसते, कधी नाही'.

सेलेस्ट (२०१८) इथे सरळ थाप मारतो. कड सुटल्यावरही ०.१ सेकंद उडी मारू देतो. जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी दाबलेलं बटण लक्षात ठेवतो. डोकं कोपऱ्याला जेमतेम घासलं तर हळूच बाजूला सरकवतो. आणि लोक म्हणतात, काय चोख कंट्रोल आहेत! घसरणीचा मुद्दा मात्र मान्य. बर्फ नसताना घसरत असेल तर ते काम कच्चं आहे.

कॅसेटवाला_काका: लाड आहेत सगळे. सेलेस्टमध्ये असिस्ट मोडही आहे, गेमचा वेग निम्मा करा, मरणच नको असेल तर तेही बंद करा. आमच्या कॅसलव्हेनियात (१९८६) एकदा उडी मारली की हवेत दिशा बदलता येत नसे. विचार करूनच उडी मारायचो.

रिकामटेकडा_कोडर: काका, त्या ताठर उडीला मापूनच तिथले खड्डे आणि शत्रू मांडले होते. ताठर उडी आणि सरकत्या फळ्या एकत्र आणताना ते मोजमाप कोणी केलं नसेल, तर बोंब होणारच. आणि असिस्ट मोड सक्तीचा नाही, तुम्ही बंद ठेवा की.

हातोडेवाला: पण थाप मारून जिंकवणार असाल तर ते जिंकणं कसलं? मला माझी चूक चूक म्हणूनच हवी.

वैतागवाडीकर: घ्या मग हाच गेम, भेट पाठवतो. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात पैसे परत मागायला खेळण्याचे दोनच तास मिळतात, ते माझे केव्हाच उलटलेत.