सौरवारा, सौरवात की सौर मारुत?

खानापूर तालुक्यातून प्रश्न:
नमस्कार. शाळेच्या विज्ञान कोपऱ्यासाठी सूर्यावर एक फलक लिहितेय, अर्धा मराठीत, अर्धा कन्नडमध्ये. सुरुवात सूर्याचा अभ्यास करणाऱ्या भारतीय यानापासून, आदित्य-एल१ पासून केली आणि सूर्याच्या बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राचं गणित संगणकावर कसं मांडतात इथवर पोचले. सूर्यावरून सतत बाहेर वाहणाऱ्या कणांच्या प्रवाहाला, इंग्रजीतल्या 'सोलर विंड'ला, कन्नडच्या सरांनी त्यांच्या बाजूला 'सौर मारुत' लिहिलं, त्यांचं काम झालं. माझं अडलंय. वाचनात कुठे 'सौरवात' येतं, कुठे 'सौर वारे', कुठे 'सौर कणांचा मारा'. 'सौरवात' वाचून दाखवलं तर सातवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, आज्जीचे गुडघे धरतात तो वात?" कोणता शब्द घेऊ? 'कोरोना' (सूर्याचं बाहेरचं तापलेलं आवरण) आणि 'मॉडेल' यांचंही सांगा.

बेळगावहून:
बाई, 'सौरवारा' लिहा. सोपा आहे म्हणून नव्हे, अर्थाने तोच बरोबर आहे म्हणून. याला वारा म्हणायचं की नाही यावर शास्त्रज्ञांतच वाद झालाय. आधी समज असा होता की सूर्यावरून अधूनमधून सुटे कण फेकले जातात. १९५१ मध्ये लुडविग बिअरमान यांनी धूमकेतूंच्या वायूच्या शेपटीकडे लक्ष वेधलं. ती कायम सूर्याच्या उलट दिशेला असते आणि नुसत्या प्रकाशाच्या दाबाने तेवढी ढकलली जाणार नाही. खळ्यावर उफणताना भूस कुठे उडतंय त्यावरून वारं कळतं, तसं त्यांना ते शेपटीवरून कळलं: सूर्यावरून काहीतरी सतत वाहतंय.

१९५८ मध्ये यूजीन पार्कर यांनी गणित मांडलं. सूर्याचं बाहेरचं आवरण दहा लाख अंशांच्याही वर तापलेलं, ते जागेवर बसून राहूच शकत नाही, ध्वनीपेक्षा जास्त वेगाने बाहेर वाहायलाच हवं. त्यांनी त्याला वारा म्हटलं आणि त्या नावातच मुद्दा होता: सुटे कण नव्हेत, सलग प्रवाह. परीक्षकांनी लेख नाकारला. त्या नियतकालिकाचे संपादक होते आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. निष्कर्ष त्यांनाही पटला नव्हता, पण गणितात चूक सापडेना, म्हणून त्यांनी लेख छापला. मला हा प्रसंग फार मोठा वाटतो, फलकावर जागा असेल तर घालाच. पुढे जोसेफ चेंबरलेन म्हणाले, वारा कसला, मंद झुळूक आहे! १९६२ मध्ये शुक्राकडे निघालेल्या मरिनर-२ यानाने सेकंदाला ४०० ते ७०० किलोमीटरचा अखंड प्रवाह मोजला आणि झुळूक मागे पडली. म्हणून 'कणांचा मारा' लिहू नका, तो शब्द १९५८ च्या आधीच्या समजुतीकडे नेतो.

निपाणीहून:
पटतंय, पण वारा म्हटलं की पोरांच्या डोळ्यांपुढे हवा येणार. पृथ्वीजवळ या वाऱ्यात एका घन सेंटीमीटरला पाच-दहा कण असतात. झाडाचं पानसुद्धा हलणार नाही. मग 'सौर मारुत'च दोन्हीकडे ठेवलं तर? सरांचं आणि बाईंचं एक होईल.

बेळगावहून:
विरळपणाची एक ओळ फलकावर हवीच, ते अगदी बरोबर. पण दोन्हीकडे 'मारुत' नको. कन्नड भूगोलात मोसमी वाऱ्यांना 'मान्सून मारुतगळु' म्हणतात, म्हणजे कन्नड मुलाला मारुत हा रोजच्या धड्यातला शब्द. आपल्या भूगोलात त्या जागी 'मोसमी वारे' आहेत. सरांनी त्यांच्या पुस्तकातला शब्द उचलला, तुम्ही तुमच्या पुस्तकातला उचला. मराठी मुलाला मारुत म्हटलं की आधी मारुतीचं देऊळ आठवणार.

कारवारहून:
'कोरोना'वर माझं मत. २०२० नंतर तो शब्द आजारालाच चिकटला. पुस्तकी 'किरीट' चांगला आहे. 'प्रभामंडल' मात्र टाळा, कारण सूर्या-चंद्राला खळं पडतं त्यालाही काही जण तेच म्हणतात आणि खळं तर आपल्याच आकाशातल्या ढगांमधल्या हिमकणांनी पडतं. मला विचाराल तर 'प्रभावळ'. देवाच्या मूर्तीमागची प्रभावळ मराठी-कन्नड दोन्ही घरांत माहीत असते. १६ फेब्रुवारी १९८० चं खग्रास ग्रहण आमच्याच किनाऱ्यावरून आत शिरलं. घरच्यांनी दारं-खिडक्या लावून आम्हा पोरांना आत बसवलं होतं, ते आजही लागून राहिलंय. पुढे फोटो पाहिले. त्या काळात सूर्य डागांच्या ऐन भरात होता, म्हणून प्रभावळ सगळीकडून सारखी फुललेली. २४ ऑक्टोबर १९९५ ला सूर्य शांत होता, तेव्हा ती सूर्याच्या विषुववृत्ताच्या दिशेने दोन्हीकडे लांबलेली दिसली. हा आकार चुंबकीय क्षेत्र ठरवतं.

बेळगावहून:
काका, प्रभावळ झकास. कंसात 'किरीट' ठेवू.

आता 'मॉडेल'. आपल्याकडे विज्ञान प्रदर्शनात मॉडेल म्हणजे थर्माकोलचं, रंग दिलेलं. इथे तसं काही नाही, म्हणून 'गणिती प्रतिमान' लिहा आणि खाली ते काय करतं तेही लिहा. प्रभावळीतलं चुंबकीय क्षेत्र सरळ मोजणं फार अवघड. मोजता येतं ते खालच्या, डोळ्यांना दिसणाऱ्या पृष्ठभागावरचं. त्यासाठी जगभर सहा दुर्बिणींचं 'गाँग' नावाचं जाळं आहे, त्यातली एक उदयपूरला. सूर्याची मागची बाजू आपल्याला दिसत नाही आणि पृथ्वीवरून बघताना त्याची एक फेरी साधारण २७ दिवसांची, त्यामुळे नकाशाचा काही भाग नेहमी शिळाच असतो. त्या नकाशावरून वरचं क्षेत्र गणिताने काढतात. सूर्याच्या त्रिज्येच्या अडीच पट अंतरावर एक गोल मानतात. ज्या चुंबकीय बलरेषा त्याच्या आतच वळून परत येतात त्या मिटलेल्या, ज्या पार जातात त्या मोकळ्या. वारा मोकळ्या रेषांवरून सुटतो. या रेषा वर जाताना जेवढ्या झपाट्याने फाकतात तेवढा वारा संथ, हा वांग आणि शीली या शास्त्रज्ञांचा ठोकताळा. पुढे साडेएकवीस त्रिज्यांपासून पृथ्वीपर्यंतचा प्रवास दुसरं प्रतिमान सोडवतं. त्याचं नाव 'एन्लिल', सुमेरियन लोकांचा वाऱ्याचा देव! करणाऱ्यांनीसुद्धा वाराच धरला बघा.

'उघड्या' रेषा म्हणू नका, 'मोकळ्या'च म्हणा. उघडी म्हटलं की रेषेचं टोक तुटलंय असं वाटतं. ते तुटलेलं नसतं, रेषा फक्त फार लांब गेलेली असते.

खानापूरहून:
खूप आभार. एक राहिलंच. एका लेखात 'प्लाझ्मात (म्हणजे तापून विद्युतभारित झालेल्या वायूत) गोठलेलं चुंबकीय क्षेत्र' असं आहे. दहा लाख अंशांत गोठलेलं? मुलं मला सोडायची नाहीत.

बेळगावहून:
'जुंपलेलं' लिहा. क्षेत्र आणि प्लाझ्मा एकमेकांना सोडून जाऊ शकत नाहीत, एवढंच म्हणायचंय. गोठलेलं म्हटलं तर कोण कुणाला ओढतं ते कळत नाही आणि इथे तर ओढणारा बदलतो. सूर्याजवळ क्षेत्राचा जोर, प्लाझ्मा त्याच्या मागे. वर एका सीमेनंतर वाऱ्याचा जोर, तोच क्षेत्राला ओढत नेतो. तिला आल्फवेन सीमा म्हणतात. नासाचं पार्कर यान २८ एप्रिल २०२१ ला पहिल्यांदा ती ओलांडून आत गेलं. सूर्य फिरत असल्यामुळे बाहेर ओढलेल्या रेषा वळत जातात आणि पृथ्वीपाशी साधारण ४५ अंशांनी तिरक्या होतात.

निपाणीहून:
'जुंपलेलं' आवडलं. कन्नड बाजूला काय लिहिणार?

खानापूरहून:
उद्या सर आले की विचारते आणि इथंच कळवते.